चांगले स्पीकर आहेतच, आता पुढची जोडी कशी निवडायची: सोलापूरच्या घराच्या हिशोबानं

लाख-दीड लाखाची जोडी घरात आहे, अॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर, पण बरा आहे, तरी हात खाजवायलाय, आता पुढचं काय घेऊ, असं विचारणारे आपल्या सोलापुरात वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. आणि प्रश्न नेहमी मॉडेलच्या नावानं येतो, हे घेऊ का ते घेऊ. माझं सरळ म्हणणं आहे की नाव नंतर, आधी कागदावर तक्रार लिहा. "मजा येत नाही" ही तक्रार नाही. पखवाजाची थाप संपली तरी धुम लांबतोय, गायिका वरच्या पट्टीत गेली की कानात टोचतं, आवाज वाढवला की सगळं एकात एक कालवतं, मधोमध बसलं तर गाणारा समोर उभा पण जरा सरकलं की एका स्पीकरात जाऊन बसतो, असलं काहीतरी नेमकं लिहा. कारण यातल्या पहिल्या तक्रारीला नवे स्पीकर जवळजवळ काहीच करत नाहीत, दुसरीला अर्धवट करतात, आणि शेवटच्या दोन असतील तरच खरं खिशात हात घालायचा.

पहिली तक्रार आपल्याकडं लई कॉमन आहे, कारण खोल्या बघा की. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधे १२ बाय १२ चा हॉल, चारी बाजूनं प्लॅस्टर केलेल्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल. पेठेतल्या जुन्या घरात टाइलऐवजी शहाबादी, पण तीही तेवढीच कडक. आता १२ फूट म्हणजे साधारण ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की ४७ हर्ट्झ येतात. ह्या सुराला तुमची खोली स्वतःच घुमते, आणि लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडून एकाच सुराला घुमते, म्हणजे डबल त्रास. (मे महिन्यात ४० डिग्रीला आवाजाचा वेग ३५५ च्या आसपास जातो, त्यामुळं ४७ चे साडेअठ्ठेचाळीस होतात, पण त्यासाठी एसी लावायची गरज नाही.)

हे खोटं वाटत असेल तर करून बघा. मोबाईलवर टोन जनरेटरचं, म्हणजे एकच सूर वाजवणारं, कुठलंही फुकट अॅप घ्या, मोबाईल अॅम्पला जोडा, ४७ लावा, आवाज बारीकच ठेवा, आणि वाजत असताना खोलीत चाला. भिंतीला पाठ लावली की पोटात घुमेल आणि खोलीच्या बरोबर मधे आलात की बेस जवळजवळ गायब. स्पीकर तोच, सूर तोच. ह्याच वेळी ४० पासून ८० पर्यंत हळूहळू सरकवत न्या, कुठंतरी लोखंडी कपाटाचं दार नाहीतर शोकेसची काच खणखणायला लागेल. वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा कोन, फाटलाय म्हणून कित्येक जण दुकान गाठतात, आणि असतं ते कपाट.

मग उपाय काय तर बहुतेक फुकटातले. सोफा भिंतीला चिकटवून ठेवायची आपली सवय आहे, तो दीड-दोन फूट पुढं ओढा. स्पीकर मागच्या भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून लांब घ्या, मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरं सारखी नकोत. मागं पोर्ट, म्हणजे हवेचं गोल भोक, असेल तर त्यात फोमचा बोळा घाला, नसेल तर स्वच्छ पायमोजा पण चालतो, बेस कमी होईल पण लांबणार नाही. एवढं करून अजून मोजून बघायचं असेल तर आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूमिक-१ सारखा यूएसबी माईक लागतो तेवढाच खर्च, आणि तो स्पीकरच्या किमतीपुढं काहीच नाही. ग्राफमधे ५० च्या आसपास डोंगर दिसला की समजायचं पुढचा पैसा ट्रीटमेंटवर, म्हणजे खोलीत आवाज शोषणाऱ्या गोष्टी लावण्यावर, किंवा डीएसपीवर, म्हणजे सूर कमी-जास्त करणाऱ्या डिजिटल यंत्रावर जाणार. डोंगर डीएसपीनं कापता येतो, खड्डा मात्र भरता येत नाही, खड्ड्यात नुसती अॅम्पची ताकद जाते.

टोचण्याच्या तक्रारीला आरसा लागतो. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथं आरशात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, दिसेल तिथूनच आवाज आपटून कानावर येतोय. तिथं आवाज शोषणारं पॅनल लावायचं. आता इथं सोलापूरकराचं डोकं लगेच चादरीकडं जातं, आणि नुसती चादर भिंतीला टांगून काय होत नाही बे, पातळ सुती कापड वरचे बारीक सूर तेवढे खातं, खालचं जसंच्या तसं, मग गाणं टोचत नाही पण मेल्यासारखं वाटतं. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडं ग्लासवूल नाहीतर रॉकवूल मिळतं, चार इंच जाडीचं लाकडी चौकटीत बसवा आणि वरून कव्हर म्हणून चादर खुशाल वापरा, फक्त कापडातून फुंकर आरपार जाते का तेवढं आधी बघा, जात नसेल तर दुसरं कापड. ग्लासवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे पाहिजेतच. खाली जाड सतरंजी नाहीतर जमखाना टाकला की टाइलचा पण प्रश्न बराचसा मिटतो.

हे सगळं करून तक्रार उरली तर मग जोडी बदला, आणि उरलेली तक्रारच सांगते काय घ्यायचं. जरा सरकलं की गाणारा पळतो, तर ज्यांचा आवाज बाजूला पण एकसारखा पसरतो असे बघा. वूफरच्या मधोमध ट्वीटर असलेली केईएफ कंपनीची पद्धत याच कारणासाठी आहे, त्यांचा एलएस ५० मेटा त्यातलाच. पण त्याच्याकडून मोठ्या हॉलमधे धडाका मागायचा नाही, सव्वापाच इंची वूफर आहे तो आणि सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल.

हा सेन्सिटिव्हिटीचा आकडा नीट समजून घ्या, कारण मोठ्या आवाजात कालवतंय ही तक्रार इथंच सुटते. एका वॅटला एक मीटरवर किती आवाज, एवढाच त्याचा अर्थ. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, दर १० ला दसपट. म्हणजे ८५ वाल्याला १०० वॅट लागतात तिथं ९५ वाल्याला १० वॅट पुरतात. क्लिप्श हेरसी ४ वर ९९ लिहिलंय, पण ती कंपनी आकडा खोलीच्या हिशोबानं सांगते, त्यातनं थोडे वजा धरा, तरी फरक मोठाच राहतो. दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, यालाच इम्पिडन्स म्हणतात. ८ ओहम लिहिलेले कित्येक स्पीकर खाली बेसला ३-४ ओहमपर्यंत उतरतात आणि तिथं हलका अॅम्प धापा टाकतो, म्हणून रिव्ह्यूमधला इम्पिडन्सचा ग्राफ बघितल्याशिवाय ठरवू नका. आणि एक मधला रस्ता, जुनी जोडी मधल्या सुरात आवडत असेल तर ती ठेवून चांगला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, घ्या, ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडं द्या, छोट्या वूफरचं ओझं उतरतं आणि आवाज वाढवला तरी कालवत नाही. माझं मत विचाराल तर १२ बाय १२ मधे जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉवर स्पीकर आणण्यापेक्षा हे दहापैकी आठ घरांना जास्त शोभतं.

ऐकल्याशिवाय घेऊ नका, त्यासाठी पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारच्या आत पुण्यात, संध्याकाळी परत. फोन करून नेमकं मॉडेल डेमोला आहे का ते पक्कं करा, अॅम्प तुमच्यासारखाच जोडायला सांगा, आणि गाणी तुमची घेऊन जा. गड्डा यात्रेत नाहीतर मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहून आला असाल तर दोन दिवस थांबून जा, कान बधिर असतात. दुकानदार दोन जोड्या बदलून ऐकवताना एक किंचित मोठी वाजली तरी तीच भारी वाटते, म्हणून बसायच्या जागी मोबाईलच्या मीटरनं दोन्ही सारख्या करून घ्या. अॅपचा आकडा चुकीचा असला तरी तुलनेला चालतो. तंबोरा ऐका, हलगी ऐका, आणि एक साधं बोलणं ऐका, पुरुषाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकरच्या पेटीचा दोष, तो घरी येऊन जात नाही. शेवटी एकदा आवाज अगदी कमी करून ऐका, कारण रात्री दहानंतर घरात तसंच वाजणार आहे.

सेकंडहँड घेत असाल तर वूफरच्या कडेचा गोल बघा, रबर असेल तर ठीक, जुना फोम असेल तर बोटानं हळूच दाबा, भुगा पडला की भाव निम्म्यावर आणा नाहीतर सोडा. दोन्हींचे सिरीयल नंबर जुळतात का ते बघा. घरात लहान पोरं असतील तर धातूच्या ट्वीटरला जाळी पाहिजेच, बोटाचा एक खड्डा आणि संपलं.

वायरचं विचाराल तर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, चार-पाच मीटरला भरपूर झाली. आणि नवी जोडी आली की तिचे खोके, थर्मोकोल माळ्यावर टाका, सहा महिन्यांनी विकायची वेळ आली तर मूळ पॅकिंग नसेल तर पुण्याला पाठवताना कुरियरवाला तुटफुटीची जबाबदारी घेत नाही.