मेलबर्नच्या मावशीसाठी नौपाड्यातून केलेली खटपट

माझी मावशी ८१ वर्षांची, मेलबर्नला एकटी राहते. काका गेले, मुलगा नोकरीपायी पर्थला, म्हणजे विमानानं चार तासांवर. रोजचा फोन मात्र माझा, त्यामुळे तिच्यासाठी सरकारी मदतनीस मिळवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात, घंटाळीच्या आसपास कितीतरी घरांतली माणसं तिकडे आहेत, म्हणून हे लिहून ठेवते.

आपल्याकडे म्हातारं माणूस पडलं की आया-नर्स पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करायचा, बाई ठेवायची आणि पैसे आपण मोजायचे. ऑस्ट्रेलियात पासष्टी ओलांडलेल्यांसाठी घरातल्या मदतीचा बराच खर्च सरकार उचलतं. १ नोव्हेंबर २०२५पासून या योजनेचं नाव ‘सपोर्ट अ‍ॅट होम’. आधीची ‘होम केअर पॅकेज’ गेली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जुनी माहिती पुसून टाका.

सुरुवात ‘माय एज्ड केअर’ या सरकारी वृद्धसेवा केंद्राच्या १८०० २०० ४२२ या नंबरापासून. फोन मावशीनं तिथून लावला आणि मला कॉन्फरन्सवर घेतलं. मेडिकेअर कार्ड (तिथलं सरकारी आरोग्य कार्ड) हाताशी ठेवा. आणि घड्याळ बघा: मेलबर्न आपल्यापुढे कधी साडेचार तास असतं, कधी साडेपाच. इंग्रजी जड जात असेल तर आधी १३१ ४५० लावायचा. हा सरकारी दुभाष्यांचा नंबर. तेच पुढे जोडून देतात, आणि आपल्याला पैसे पडत नाहीत. भाषा विचारली की ‘मराठी’ म्हणायचं. आमच्या मावशीनं ‘इंडियन’ सांगितलं आणि पलीकडून कुणी शुद्ध हिंदीत नमस्कार केला!

त्याच फोनवर मावसभावाचं नाव ‘रजिस्टर्ड सपोर्टर’, म्हणजे तिला मदत करणारा नोंदणीकृत माणूस म्हणून नोंदवायची विनंती केली. नाहीतर त्याच्याशी कोणी धड बोलत नाही.

पुढची पायरी म्हणजे मदतीची गरज किती ते बघायला घरी येऊन होणारी तपासणी, आणि सगळं तिथंच ठरतं. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, औषधं, पडणं, विसरणं, सगळं विचारतात. आपल्या बायकांना पाहुण्यांसमोर रडगाणं गायची सवय नाही. पहिल्या फोनवर ‘कसं चाललंय’ विचारलं तर मावशी म्हणाली, ‘देवाच्या कृपेनं छान.’ मी मध्येच तोंड घातलं, ‘अगं, परवा न्हाणीघरात घसरलीस ते सांग की!’

म्हणून मग आठवडाभर तिला वही लिहायला लावली. जमलं ते नाही, जमलं नाही ते. सोमवारी पोळ्या केल्या नाहीत, ब्रेड खाल्ला. मंगळवारी रात्रीची गोळी दोनदा घेतली. गुरुवारी अंघोळ टाळली, टबात पाय उचलेना. तपासणीला सांगायचा तो वाईटातला वाईट दिवस. दुखण्याचे शब्दही नीट बसवले. ‘कसंतरी होतं’ याचं भाषांतर कुठला दुभाषी करणार? त्याऐवजी ‘उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, दोन मिनिटं भिंत धरावी लागते’ असं.

तपासणीसाठी दुभाषी वेळ ठरवतानाच मागा. मुलाला किंवा सुनेला त्या कामाला बसवू नका. कपड्यात लघवी होते हे मावशी मुलासमोर उच्चारणंच शक्य नव्हतं. परक्या मराठी दुभाषी बाईला तिनं सांगून टाकलं.

एवढं करूनही त्या दिवशी ती पहाटे उठून घर आवरून, नारायणपेठ नेसून बसली होती. तपासणीची बाई आली तशी मावशी चहा टाकायला निघाली. व्हिडिओवरून मी ओरडले, ‘मावशी, ती पाहुणी नाही, बस खाली!’

योजनेत मदतीच्या रकमेच्या आठ पायऱ्या आहेत. सुरुवातीच्या दरानं पहिलीला वर्षाला सुमारे १०,७०० डॉलर, आठवीला ७८,०००. मावशीला तिसरी मिळाली, सुमारे २२,०००. पैसे हातात येत नाहीत. तिमाहीच्या हिशेबानं मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेमार्फत खर्च होतात, त्यातले १० टक्के देखरेखीचे. नर्सिंगला आपला वाटा शून्य. साफसफाई, बागकाम अशा कामांना पूर्ण सरकारी वृद्ध-पेन्शन असलेल्यांना साडेसतरा टक्के, पैसेवाल्यांना ८० टक्क्यांपर्यंत. न्हाणीघरातल्या दांड्यांचे पैसे निराळ्या खात्यातून येतात. ते मुद्दाम विचारा.

मंजुरीनंतर रांग असते. नंबर लागल्याचं पत्र आलं की संस्था निवडून करार करायला ५६ दिवस. मावशीनं ते पत्र जाहिरात समजून फ्रिजखाली सारलं होतं, म्हणून टपालाचे फोटो रोज मागवा. संस्थांना आम्ही विचारलं: दर आठवड्याला तोच माणूस येईल का? शनिवार-रविवारचा दर किती? चपला बाहेर काढेल का? मराठी बोलणारी नाही मिळाली, गुजराती मिळाली. दोघींचं छान जमतं. कुठं अडलंच तर १८०० ७०० ६०० वर ‘ओपॅन’ या म्हाताऱ्यांच्या हक्कांसाठीच्या संस्थेचे लोक फुकट बाजू मांडतात.

एकच भांडण उरलंय. मदतनीस आली की मावशी चहाला उठते आणि अर्धा तास गप्पांत जातो, तासाचे पैसे चालूच. मी रागावले. आता ती चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवते.