एसडी कार्ड आणि लोरा एकाच एसपीआय बसवर जोडताना

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागेत जमिनीचा ओलावा नोंदवायचा, तर नेहमीची जुळणी म्हणजे ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, नोंदींसाठी एसडी कार्ड आणि ८६५ मेगाहर्ट्‌झचा लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. दोन्ही मॉड्यूल एकेकटी लावली की चालतात. एकाच एसपीआय बसवर, म्हणजे बोर्ड आणि मॉड्यूलांमधल्या सामायिक तारांवर, एकत्र जोडली की लोरा सुरूच होत नाही. इथे बरेच जण लायब्ररी बदलत बसतात. आधी मीटर हातात घ्या.

दोष बहुधा मिसो तारेत, म्हणजे मॉड्यूलकडून बोर्डकडे डेटा नेणाऱ्या तारेत असतो. ज्याची सीएस (चिप निवडणारी पिन) हाय आहे, म्हणजे जे निवडलेलं नाही, त्याने मिसो सोडून द्यायची, हा बसचा नियम. पण अनेक स्वस्त एसडी मॉड्यूलांवर १२५ क्रमांकाची बफर (सिग्नल पुढे पाठवणारी) चिप असते आणि तिच्या मिसोच्या गेटची इनेबल (चालू-बंद करणारी) पिन थेट ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे ते गेट कायम चालू. कार्ड गप्प असलं तरी बफर तार धरून ठेवतो आणि लोराचं उत्तर दाबलं जातं.

तपासणी अशी करा. मॉड्यूल एकटंच ठेवा, सीएस ३.३ व्होल्टला बांधा. मिसोपासून ३.३ व्होल्टला एक आणि ग्राउंडला एक, असे १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मिसोवरचा व्होल्टेज मोजा. साधारण १.६५ आला तर तार मोकळी आहे. मॉड्यूलवर आधीच १० किलोओहमचा पुल-अप (तार ३.३ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) असेल तर २.२ दिसेल, तेही ठीक. शून्य किंवा पूर्ण ३.३ दिसला, तर मॉड्यूल तार सोडत नाही. अशा वेळी ती इनेबल पिन उचलून सीएसला जोडा. सोल्डरिंगचा हात नसेल तर एसडीला ईएसपी३२ची दुसरी एसपीआय द्या. मात्र तिची ठरलेली मिसो पिन १२ आहे आणि बूटच्या वेळी ती हाय असेल तर बोर्ड सुरूच होत नाही. पिन बदलून घ्या. याच कारणाने १२ वर सीएसचा पुल-अपही नको.

नागपूरच्या सीताबर्डीला सुटे भाग घ्यायला जाल तेव्हा १० किलोओहमचे रेझिस्टर जास्तीचे आणा, कारण प्रत्येक सीएसला एक पुल-अप हवाच. रिसेटनंतर पिना तरंगत असतात आणि दोन्ही चिपा एकदम जाग्या होतात. रेग्युलेटर असलेल्या एसडी मॉड्यूलला ५ व्होल्टच द्या, ३.३ दिले तर कार्डापर्यंत जेमतेम २.२ पोचतात. प्रत्येक मॉड्यूलजवळ १०० नॅनोफॅरॅड आणि १० मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर लावा. तारा १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. मे महिन्यातल्या उन्हात बंद डब्यात ब्रेडबोर्ड नको, सगळं सोल्डर करा.

आता कोड. कुठलीही लायब्ररी सुरू करण्याआधी दोन्ही सीएस आउटपुट करून हाय करा. मग क्रम असा: बिगिनट्रान्झॅक्शन, सीएस लो, देवाणघेवाण, सीएस हाय, एंडट्रान्झॅक्शन. शेवटच्या दोन पायऱ्या उलटल्या, तर दुसरा टास्क तेवढ्यात बसवर शिरतो आणि पहिली चिप अजून निवडलेलीच असते. एसडीची सीएस हाय केल्यावर २५५ हा आणखी एक बाइट पाठवा. ते ८ क्लॉक मिळाल्याशिवाय कार्ड मिसो सोडत नाही. चांगल्या लायब्ररी हे स्वतः करतात, स्वतःचा कोड लिहिणारे मात्र इथेच अडकतात. लोराच्या इंटरप्टमध्ये (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) एसपीआयला हात लावू नका. तिथे फक्त खूण ठेवा आणि वाचन मुख्य लूपमध्ये करा.