रेडिओवरून उतरवलेल्या जुन्या मैफली: डिजिटल करताना या चुका टाळा

पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली. पुढच्या काही दशकांत इथल्या रसिकांनी रेडिओवरचं गाणं आधी स्पूलवर (मोठ्या चकतीवरच्या टेपवर), मग कॅसेटवर उतरवून ठेवलं. पेठांमधल्या माळ्यांवर तो ठेवा अजून आहे. तो वाचवताना नुकसान होतं ते बहुधा घाईमुळे.

सापडलेली टेप लगेच मशीनवर चढवू नका. पावसाळ्यात तर नकोच. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या टेपवर जाते. व्हिनेगरसारखा वास आला तर टेप अ‍ॅसिटेटची आहे आणि ती खराब होऊ लागली आहे. हेडवर तपकिरी चिकटा जमत असेल तर मशीन तिथेच थांबवा. चिकट टेप गरम करून वाचवतात हे खरं, पण तो उपाय ठरावीक पॉलिएस्टर टेपसाठी आहे. अ‍ॅसिटेटची टेप त्यात वाया जाते. जाणकाराशिवाय हे करू नका.

वेग तपासा. सहा टक्क्यांच्या फरकाने काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीत, ऐकू येतो. त्याच काळातल्या त्याच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाशी षड्ज (सा) ताडून पाहा.

सगळ्यात मोठा घात होतो तो खरखर काढताना. सॉफ्टवेअरला खरखरीचा नमुना लागतो आणि लोक गायन सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद देतात. तिथे तंबोरे लागलेले असतात! सतत वाजणारं ते सगळं सॉफ्टवेअर खरखरीतच धरतं. मग तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा झंकार, जाते, आवाजाची धार जाते, तबल्याची चाट (काठावरचा आघात) बोथट होते. विजेच्या घरघरीचंही तसंच. ५० हर्ट्झच्या पटीतले १०० आणि १५० सुद्धा फिल्टर कापतो, आणि पांढरी दोनचा षड्ज १४७ च्या आसपास असतो. फिल्टर जरा रुंद झाला की षड्जावरच कात्री. निवेदन संपल्यावर, तंबोरा ऐकू येण्याआधी क्षणभर शांतता मिळाली तर नमुना तिथून घ्या. नाहीतर खरखर राहू द्या. खरखरीतून ऐकू येणारा जिवंत तंबोरा मला कधीही जास्त मोलाचा वाटतो.

म्हणूनच पहिली प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, काहीही न पुसता ठेवा. प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.

निवेदन कापू नका. साथीदार कोण होते, याचा पुरावा कित्येकदा तेवढाच उरलेला असतो.

आणि रचनाकाराला विसरू नका. फाइलवर गायक आणि राग लिहून लोक थांबतात, फार तर बंदिशीपुढे ‘पारंपरिक’ लिहितात. पण बंदिशीतच कित्येकदा रचनाकाराचं टोपणनाव, म्हणजे मुद्रा, असते: ‘गुणिदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘गुणिजान’ म्हणजे सी. आर. व्यास, ‘प्रेमपिया’ म्हणजे फैयाज खाँ. या माणसांचं काम दुसऱ्यांच्या गळ्यातून रेडिओवर आलं. त्यांचं नाव नोंदवणं आपल्याच हातात आहे. मुद्रा बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, येते, म्हणून नोंद करण्याआधी अंतरा पूर्ण ऐका.