घरात सगळ्यांना मिळून एकच डेस्कटॉप : पार्ट कसे निवडावेत

घरच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट हमखास होते : कुणीच लॉगआउट करत नाही. मुलगी ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब उघडे टाकून उठते, बाबा 'स्विच युजर' करून आपल्या खात्यात शिरतात आणि तिचे टॅब मागे रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) अडवून बसतात. म्हणून एकट्याचा कॉम्प्युटर आणि घरचा कॉम्प्युटर यांचा हिशोब वेगळा. इथे पैसा आधी रॅम आणि एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर) घाला, मग उरेल त्यात प्रोसेसर. कॅबिनेटमधले रंगीत दिवे सगळ्यात शेवटी.

१. प्रत्येकाचं सगळ्यात जड काम लिहून काढा. रोजचं काम नव्हे, जड काम. ईमेल, अभ्यास, हिशोब, व्हिडिओ कॉल हे आजचा कुठलाही नवा प्रोसेसर सहज झेपवतो. मोठे गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन यांपैकी काही यादीत असेल तरच वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. 'पुढेमागे लागेल' म्हणून कार्ड आत्ताच घेण्यात अर्थ नाही, ते नंतरही बसवता येतं. मात्र त्यासाठी एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीचा, ५५० वॉटच्या आसपासचा आणि '८० प्लस' (वीज कमी वाया घालवण्याचं) प्रमाणपत्र असलेला घ्या. कोटेशनमध्ये काटछाट नेमकी याच ओळीत होते, तेव्हा मॉडेलचं नाव लिहून मागा.

२. प्रोसेसर. सहा कोअरचा, मधल्या किमतीचा पुरे. ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर नावाचं शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. कार्डाशिवाय असा कॉम्प्युटर सुरू केलात तर पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ग्राफिक्स हवं असेल तर 'जी'वाला प्रोसेसर लागतो. नव्या एएम५ वरच्या बहुतेकांत कामापुरतं ग्राफिक्स असतं, पण 'एफ'वाल्यांत तिथेही नसतं.

सेकंडहँड घेणार असाल तर आणखी एक बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत नाहीत. स्वस्त मिळतात त्याला हेही कारण आहे.

३. रॅम आणि मदरबोर्ड एकत्रच ठरवा. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ ची स्टिक बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. घरच्या कॉम्प्युटरला १६ जीबी हवीच, जड काम असेल तर ३२. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या : प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही मार्ग (चॅनल) चालतात, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने त्याला चांगलाच फरक पडतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर पुढे वाढवायला दोन मोकळे राहतात. वायफाय बोर्डातच आहे का, तेही विचारून घ्या. सगळ्या बोर्डांत नसतं.

४. स्टोरेज. विंडोज आणि प्रोग्रॅम एनव्हीएमई (एसएसडीचा सगळ्यात वेगवान प्रकार) एसएसडीवरच. हार्ड डिस्क सेकंदाला १००-२०० एमबीच्या घरात वाचते, साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी ५५० पर्यंत, तर साधी एनव्हीएमईसुद्धा दोन-तीन हजारांच्या पुढे जाते. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचाच आधार घेतं. तिथे हार्ड डिस्क असेल तर माऊससुद्धा अडखळायला लागतो. चार जणांचे फोटो आणि डाउनलोड धरून १ टीबी घ्या. बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क वेगळी, आणि ती कायम जोडून ठेवू नका.

५. ज्याला सगळ्यांचे हात-डोळे लागतात ते. दहा वर्षांचं मूल आणि सहा फुटी माणूस एकाच खुर्चीत बसणार, त्यामुळे मॉनिटरचा स्टँड वर-खाली होणारा हवा. तो नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसा छिद्रं तरी असावीत, म्हणजे नंतर आर्म लावता येतो. २४ इंचाला फुल एचडी ठीक. २७ इंचावर तेच रिझोल्यूशन घेतलं की अक्षरं जाडीभरडी दिसतात, तिथे १४४० पी (फुल एचडीपेक्षा जास्त बारीक ठिपक्यांचं) बघा. पॅनल आयपीएस असावं, बाजूने पाहणाऱ्यालाही रंग नीट दिसतात. कीबोर्ड-माऊस वायरचे बरे, ऐन परीक्षेच्या वेळी सेल संपत नाहीत. कॅबिनेटला पुढच्या बाजूला यूएसबी आणि हेडफोनची जागा आहे ना, बघा. हेडफोन मात्र ज्याचा त्याचा.

६. आल्या आल्या तपासा. परत करण्याची मुदत आहे तोवरच टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' उघडा. रॅम किती, स्लॉट किती वापरलेत आणि वेग किती, हे तिथे दिसतं. ३२०० ची डीडीआर४ घेतली असून २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर रॅम खराब नाही. बहुधा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'एक्सएमपी', म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचा पर्याय, चालू करायचं राहिलंय. आणि ग्राफिक्स कार्ड घेतलंच असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही.