मधुमेहाची काळजी आपल्या स्वभावाला जुळेल अशी कशी बसवावी

गोळी विसरली, चालणं बुडलं, लग्नात जिलबी जास्त झाली की घरातून एकच शब्द ऐकू येतो: आळशीपणा. त्या शब्दाने शुगर खाली येत नाही. डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांतून काही मिनिटं भेटतात, बाकी सगळं पेशंटलाच सांभाळायचं असतं. म्हणून माणूस विसरभोळा आहे की शिस्तीचा, भिडस्त आहे की घाबरट, हे शुगरच्या आकड्यात उतरतं. नेटक्या स्वभावाची माणसं औषधं जास्त नियमित घेतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण नेटकेपणा पन्नाशीत ठरवून आणता येत नाही. औषधाची डबी मात्र एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हलवता येते, आणि करायचं ते एवढंच.

आधी सात दिवस नुसती नोंद

छोट्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: औषध कधी घेतलं, जेवण कधी झालं, किती मिनिटं चाललात, आणि मोजली असेल तर शुगर. जिथे चुकलं तिथे एक ओळ जादा. 'कंटाळा आला' असं नको, 'मीटिंग लांबली, डबा साडेतीनला उघडला' असं लिहा. सातव्या दिवशी फक्त चुकलेल्या ओळी वाचा. बहुतेकांच्या चुका एकाच जातीच्या निघतात: विसरणं, नाही म्हणता न येणं, घाबरणं, किंवा एकदा बिघडलं की सगळंच सोडून देणं. जी जास्त वेळा आली तिच्यापासून सुरुवात करा.

विसरभोळ्यांनी

सात दिवसांच्या, सकाळ-रात्र कप्प्यांची डबी केमिस्टकडे मिळते. रविवारी रात्री भरा आणि ताटं असतात तिथेच ठेवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी जेवणासोबत घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की अनेकांना मळमळतं, जुलाब होतात, आणि मग माणूस ती टाळायला लागतो. 'घेतली की नाही' याचं उत्तर रिकामा कप्पा देतो, त्यामुळे शंकेने दुसऱ्यांदा घेतली जात नाही. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढू नका. विरार-बदलापूरहून लोकलने येणाऱ्यांनी बॅगेत दोन दिवसांच्या गोळ्या आणि साखरेची पुडी कायम ठेवावी. पावसात गाड्या थांबल्या की जेवण तीन-चार तास पुढे जातं.

भिडस्तांनी

या स्वभावाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि आमच्या मते धोकाही इथेच जास्त आहे.

गणपतीत पाच घरी दर्शनाला गेलं की पाच ठिकाणी प्रसाद हातावर पडतो. नुसतं 'नको' म्हटलं की आग्रह वाढतो. म्हणून वाक्य घरूनच ठरवून निघा: 'अर्धा मोदक आत्ता द्या, बाकीचे डब्यात द्या, रात्री जेवताना खाईन.' प्रसादाचा मान राहतो आणि गोड जेवणासोबत, मोजून पोटात जातं. उकडीच्या मोदकाची पारी तांदळाची, सारण गुळाचं. तेव्हा त्या जेवणात भात कमी घ्या. गूळही शुगर वाढवतोच, तो साखरेपेक्षा सुरक्षित नाही. चहा बिनसाखरेचा हवा हे निघण्याआधी फोनवरच सांगा. कप समोर आल्यावर भिडस्त माणूस पिऊन टाकतो.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. सगळ्यांना वाढून मग बसणारी बाई इन्सुलिन ठरल्या वेळी टोचते, तेवढ्यात पाहुणे येतात आणि तिचं ताट तासाभराने समोर येतं. तोवर शुगर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली, म्हणजे लो, गेलेली असू शकते. जलद काम करणारं इन्सुलिन असेल तर ताट तयार झाल्याशिवाय टोचू नका. अर्धा तास आधी टोचायचं इन्सुलिन असेल, तर आपण पहिल्या पंगतीत बसणार हे घरात आधीच सांगून ठेवा. यात मागे राहण्यात कसलाही मोठेपणा नाही.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या टेबलासमोरची. 'गोळ्या चालू आहेत ना?' 'हो.' प्रत्यक्षात परवडत नाही म्हणून गोळी दिवसाआड चाललेली असते. शुगर जास्त दिसते, डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कधी घरचे लक्ष घालतात, सगळा डोस नियमित सुरू होतो आणि शुगर धाडकन खाली येते. हे टाळायला उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि आकडा सांगा: '६० पैकी ४० घेतल्या.' 'घेत नाही' म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं. खर्चाची अडचण असेल तर तेही तिथेच सांगा; अनेकदा स्वस्त पर्याय असतो, आणि महापालिकेच्या दवाखान्यांतही मधुमेहाची औषधं मिळतात.

घाबरणाऱ्यांनी

दिवसातून आठ वेळा बोट टोचणारा माणूस आकड्याच्या मागे धावत राहतो. घरच्या मीटरला मानकानुसार १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो. म्हणजे १६० नंतर लगेच १७५ आली तर शुगर वाढली असं म्हणता येत नाही. आंबा चिरून हात न धुता मोजलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने स्ट्रिप्स बिघडतात. साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. मधोमध जास्त दुखतं.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जोडीने मोजा: एका जेवणाआधी आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी. तीन दिवस नाश्ता, तीन दिवस दुपार, तीन दिवस रात्र. कोणतं जेवण त्रास देतं ते नऊ दिवसांत कळतं. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्कर आणि गरोदर व्यक्तींचं वेगळं.

शुगर लो होण्याची भीती ज्यांना असते ते जादा खाऊन ती मुद्दाम चढी ठेवतात. घाम, थरथर, धडधड ही भीतीचीही लक्षणं आहेत आणि लो शुगरचीही, त्यामुळे आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेने साखर सावकाश चढते. मीटर जवळ नसेल तर लो समजूनच साखर घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

मन सलग दोन आठवडे उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो स्वभाव नव्हे. डॉक्टरांना वेगळं सांगा.

शिस्तीच्या माणसांनी

यांचं बरं चालतं, पण दोन ठिकाणी घसरतं. जेवणानंतर २२० दिसली की लगेच जादा इन्सुलिन टोचतात. आधीच्या जलद इन्सुलिनचा परिणाम साधारण चार तास चालतो; दोन तासांत दुसरं टोचलं तर दोन्ही एकावर एक चढतात आणि शुगर पडते. दुसरं म्हणजे एक दिवस मोडला की 'आता गेलंच' म्हणून आठवडा सोडणं. आठवड्यात १५० मिनिटं चालायचं असेल तर सहा दिवस २५ मिनिटं धरा. एक दिवस मोडण्यासाठीच राखून ठेवा.

बाकीचे

माणसांत रमणाऱ्यांनी शिवाजी पार्क किंवा फाइव्ह गार्डन्सला गटाने चालावं, फक्त चालून झाल्यावरच्या वडापावचं आधी ठरवून घ्यावं. एकट्याला बरं वाटत असेल तर इमारतीच्या गच्चीवर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. पण आपल्याला मधुमेह आहे आणि साखर बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहे, हे ऑफिसात किंवा लोकलच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये एकाला तरी माहीत असू द्या.

नवं करून बघणाऱ्यांनी कारल्याचा रस, मेथी काहीही बघावं, एका वेळी एकच आणि औषध चालू ठेवून. मेथीदाण्याने शुगर खाली आली तर डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्या मधुमेहात, इन्सुलिन थांबवणं जिवावर बेततं.

बेफिकिरांना रोजचं काही जमणार नाही असं धरलं, तरी पाय बघणं सोडू नये. अंगारकीला अनवाणी सिद्धिविनायकला जाणं किंवा साचलेल्या पाण्यातून चालणं बधिर पायाला महागात पडतं. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा आरशात पाहा. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायांची तपासणी वाढदिवसाच्या महिन्यात एकदम उरका. डोळ्यांत थेंब टाकले की काही तास अंधुक दिसतं, त्या दिवशी सोबतीला कोणी घ्या.

नवी मांडणी केल्यावर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात केली तर त्यात जुन्या सवयींचाही हिशेब मिसळलेला असतो. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४, ८ टक्के म्हणजे १८३. रिपोर्टसोबत ती सात दिवसांची वहीही डॉक्टरांसमोर ठेवा.