अवर्षणप्रवण तालुक्यातील पाऊस-तापमानाचा कल कसा तपासावा

इंदापूर-बारामतीकडचा पाऊस खरोखरच कमी होत चालला आहे का, हे आठवणींवरून ठरवू नये. पुण्यातील शिवाजीनगर येथील भारतीय हवामान विभागाच्या कार्यालयाने देशाचे लहान-लहान चौकोन पाडून तयार केलेल्या दैनंदिन नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांत पाऊस १९०१ पासूनचा, तर तापमान १९५१ पासूनचे आहे.

प्रथम आपल्या तालुक्याचा चौकोन निवडावा, जिल्ह्याची सरासरी घेऊ नये. लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरांहून अधिक आणि इंदापुरात पाचशेच्या आसपास पाऊस पडत असताना दोहोंची सरासरी कोणत्याच गावाची नसते. पावसाचा चौकोन सुमारे २७ किलोमीटरांचा असतो. तापमानाचा मात्र शंभराहून अधिक, म्हणून त्यासोबत जवळच्या केंद्राच्या नोंदीही पाहाव्यात. पुणे शहरातील केंद्र यासाठी घेऊ नये, कारण वाढत्या सिमेंटची उष्णताही त्यात मोजली जाते.

मग दर वर्षाची जून ते ऑक्टोबर अशी बेरीज करावी. ऑक्टोबर वगळल्यास रब्बी ज्वारी ज्यावर उभी राहते तो परतीचा पाऊसच हिशेबातून सुटतो. बेरजेशेजारी पावसाचे दिवस, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेले दिवस, आणि पावसातील सर्वांत मोठा खंड, म्हणजे सलग कोरडे दिवस, लिहावा. बेरीज तेवढीच राहून दिवस घटले, तरी पिकाच्या दृष्टीने तो बदलच असतो.

तापमान तुलनेने सोपे आहे: कमाल आणि किमान वेगळे ठेवून १९६१-९० व १९९१-२०२० या तीस-तीस वर्षांच्या सरासरी ताडून पाहाव्यात.

पावसात खरी फसगत आरंभवर्षाने होते. १९७२ च्या दुष्काळापासून आलेख काढला, तर पाऊस वाढल्याचा भास सहज होऊ शकतो. म्हणून सरळ रेषा जुळवण्याऐवजी सेन यांची पद्धत वापरावी: वर्षांच्या प्रत्येक जोडीतील वार्षिक बदल काढून त्या सर्वांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, घ्यायचा. पन्नास वर्षांच्या १,२२५ जोड्या होतात, पण संगणकाला ते क्षणाचे काम आहे, आणि एखाद्या टोकाच्या वर्षाने हा मध्यक फारसा हलत नाही. त्यानंतर दिसणारा कल निव्वळ योगायोगाचा तर नाही ना, हे तपासणारी मान-केंडाल ही संख्याशास्त्रीय चाचणी लावावी. शेवटी आरंभवर्ष दहा-दहा वर्षांनी पुढे सरकवून हेच गणित पुन्हा करावे. उत्तराचे अधिक-उणे चिन्ह उलटत असेल, तर त्याला कल म्हणू नये.