डूमसाठी नवा राक्षस काढायचाय? आधी एवढं जमवा

डूम हा राक्षसांवर गोळ्या झाडत जायचा संगणक खेळ. सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की तुमचा राक्षस त्याच्या कोणत्या आवृत्तीत फिरणार आहे. १९९३ सालच्या मूळ डॉस आवृत्तीत स्प्राइटांची (खेळात हलणाऱ्या सपाट चित्रांची) नावं प्रोग्राममध्येच पक्की बसवलेली आहेत. तिथे नवा राक्षस आणायचा तर जुन्या एखाद्याची जागा घ्यावी लागते. जीझेडडूमसारख्या आजच्या पोर्टमध्ये (नव्या संगणकांसाठी सुधारलेल्या आवृत्तीत) स्वतःचं चार अक्षरी नाव देऊन अगदी वेगळा प्राणी उभा करता येतो आणि पीएनजी फाइलही थेट चालते. तरी पहिल्या कामासाठी मी जुन्याची जागा घ्यायलाच सांगेन. वागणूक, आवाज, हल्ला सगळं आयतं मिळतं आणि लक्ष चित्रावर राहतं. इथे इम्प हा डूममधलाच राक्षस धरून सांगते आहे.

मग कागद घेऊन चित्रं मोजा. इम्पच्या फ्रेम, म्हणजे हालचालीचे टप्पे, ए ते यू अशा २१ आहेत. ए ते डी चालणं, ई ते जी हल्ला, एच म्हणजे मार लागल्याचा क्षण, आय ते एम साधा मृत्यू, एन ते यू चिंधड्या. मृत्यूच्या १३ फ्रेम कुठूनही बघा, सारख्याच दिसतात, म्हणून त्यांच्या नावात कोनाच्या जागी ० येतो. उरलेल्या ८ फ्रेम आठ कोनांतून लागतात: १ म्हणजे समोरून, ५ म्हणजे पाठीमागून. ही झाली ६४ चित्रं. पण ‘टीआरओओए२ए८’ (टीआरओओ हे इम्पचं नाव, पुढे फ्रेम आणि कोन) असं जोडनाव दिलं, की कोन २ चंच चित्र उलटं करून कोन ८ साठी वापरलं जातं. २-८, ३-७, ४-६ अशा जोड्या लावल्या, की एका फ्रेमला ५ चित्रं पुरतात आणि एकूण आकडा ५३ वर येतो. मात्र राक्षसाच्या एकाच हातात शस्त्र असेल, तर तो वळताना ते या हातातून त्या हातात जातं. तेव्हा अंग दोन्ही बाजूंनी सारखं ठेवायचं का, याचा निर्णय पहिल्या स्केचच्या आधी हवा. एखादा कोन काढायचा राहिला, तर वळता वळता मध्येच जुना इम्प डोकावतो. म्हणून ५३ नावांचा तक्ता करून भिंतीवर लावा आणि एकेक खूण करत जा.

हत्यारं फार लागत नाहीत. वॅड फाइल (जिच्यात खेळाची चित्रं असतात ती) उघडायला आणि चित्रं आत घालायला स्लेड, रंगवायला गिंप, एसप्राइट किंवा ग्राफएक्स२, यातलं हाताला बसेल ते. मूळ फाइली पीएनजीत किंवा प्रोग्रामच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवा. जेपीईजी या कामाच्या जवळपासही नको, तो पिक्सेलच्या कडा बिघडवतो.

आता पॅलेट, म्हणजे रंगांचा ठरलेला संच, आणि इथे घाई करू नका. डूमकडे एका वेळी २५६च रंग आहेत. स्लेडमधून प्लेपॅल (वॅडमधला पॅलेटांचा भाग) बाहेर काढा, त्यातलं पहिलं पॅलेट रंगकामाच्या प्रोग्राममध्ये भरा आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा. तपकिरी, लाल, करडा, हिरवा यांच्या लांबच लांब उतरंडी दिसतील. निळा कमी, जांभळा जवळजवळ नाहीच. जांभळ्या कातडीचा राक्षस मनात असेल तर तो बेत इथेच बदला, कारण नंतर पॅलेटमध्ये बसवताना त्याचा चिखल होतो. खेळाडूचं स्प्राइट करणार असाल तर चिलखताला ११२ ते १२७ या क्रमांकांचा हिरवाच वापरा. अनेकजण मिळून खेळताना खेळ याच १६ छटा बदलून करडा, तपकिरी आणि लाल खेळाडू तयार करतो.

अंधाराचा हिशेबही आत्ताच करा. खोली जशी काळोखी होत जाते, तसा खेळ प्रत्येक रंगाऐवजी त्याच पॅलेटमधला गडद रंग घेतो. अशा ३२ पायऱ्या आहेत. उजेडात सुंदर दिसणाऱ्या गडद छटा काही पायऱ्यांतच एकमेकींत मिसळतात आणि उरतो एक काळा ठिपका. म्हणून डोकं, खांदे आणि नखं यांना शेजारच्या भागापेक्षा ठळक उजळ छटा द्या. छायाप्रकाश वरून पडू द्या, बाजूने नको. बाजूचा प्रकाश उलट्या चित्रात दुसरीकडून पडलेला दिसतो.

आकाराचं गणित सोपं आहे. स्प्राइटचा एक पिक्सेल म्हणजे नकाशातलं एक एकक. इम्पची उंची ५६ एककं, खेळाडूचीही ५६, आणि खेळाडूचे डोळे ४१ वर. रुंदी ४० धरली आहे आणि गोळी लागली का हे खेळ या आकड्यांवरून ठरवतो, चित्रावरून नाही. तुम्ही ९० पिक्सेलचे पंख पसरलेत तर गोळ्या त्यांतून आरपार जातील आणि खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल. आणखी एक: ३२० बाय २०० चं चित्र ४:३ पडद्यावर ताणलं जातं, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा २० टक्के उंच दिसतो. चौकोनी पिक्सेलांवर काढलेलं गोल डोकं खेळात अंड्यासारखं होतं. मधूनमधून चित्राची उंची १२० टक्के करून बघत राहा.

कडांसाठी ब्रश नको, पेन्सिल घ्या. इथे पिक्सेल असतो किंवा नसतो, अर्धपारदर्शक काही नाही. मोठं चित्र लहान करून आणलंत तर कडेभोवती मळकट वलय येतं, ते हाताने खरवडावं लागतं.

आठ कोन डोक्यातून काढणं अवघड आहे आणि ते तसंच काढलं पाहिजे असंही नाही. डूमचे चित्रकार एड्रियन कारमॅक यांनी सायबरडेमन या राक्षसासाठी मातीची मूर्ती केली होती आणि ती फिरवत तिची चित्रं संगणकात घेतली गेली. तुम्हीही मातीची ओबडधोबड मूर्ती करा किंवा ब्लेंडरमध्ये ठोकळ्यांचं शरीर उभारा, आणि ४५-४५ अंशांनी फिरवून फोटो घ्या. कॅमेऱ्याची उंची आणि दिवा हलू देऊ नका.

इतर मॉडमधला (चाहत्यांनी बदललेल्या खेळातला) हात-पाय उचलणार असाल तर परवानगी आधी. डूमचा कोड खुला आहे, त्याची चित्रं नाहीत. फ्रीडूम या मोफत पर्यायी खेळाची चित्रं मात्र बीएसडी परवान्याखाली मोकळी आहेत. कुठून काय घेतलं याची मजकूर फाइल पहिल्या दिवसापासून लिहा.

शेवटची तयारी म्हणजे रिकामी तालीम. एकाच रंगाच्या ठोकळ्या आकृत्या ५३ नावांनी वॅडमध्ये घाला आणि खेळ चालवा. ऑफसेट, म्हणजे चित्र नेमकं कुठे टेकायचं ते सांगणारे आकडे, आत्ताच बसवा: डावा ऑफसेट रुंदीच्या निम्मा, वरचा असा की पाय जमिनीच्या रेषेखाली चार-पाच पिक्सेल जातील, नाहीतर राक्षस तरंगतो. मूळ इंजिन चित्र उलटवतं पण ऑफसेट उलटवत नाही, त्यामुळे जोडीच्या चित्रांत तो बरोबर मध्यावर हवा. चालण्याची प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या ३५ भागांपैकी ६ भाग टिकते, म्हणजे चारही पावलं पाऊण सेकंदाच्या आतच होतात. ठोकळ्यांमध्येही पाय घसरताना दिसले तर पावलांमधलं अंतर कमी-जास्त करा. ठोकळे नीट चालू लागले, की ए१ उघडा आणि रंगवायला घ्या.